निधान

पहिली ट्यूब पुण्याहून आली.
नणंदेनं कुरिअर केली, वर फोनवर म्हणाली,
"वहिनी, जोरदार आहे, महिन्यात दहा वर्षं उतरतील."
उतरली ती कातडी,
नाकाच्या बाजूनं, ओठांच्या कडेनं,
सुपातल्या लसणीची सालं फुंकरीनं उडावीत तशी.

बेचाळिसाव्या वर्षी हनुवटीवर मुरुम
आणि त्याच हनुवटीखाली पहिली घडी.
दोन भाडेकरणी एका खोलीत,
एकमेकींशी अबोला,
पाणी मात्र दोघींना एकाच नळाचं.

शहापुरात, खडेबाजारात, माझं पिको-फॉलचं दुकान.
माप द्यायला बाई जवळ आली
की तिचे डोळे माझ्या गालावर अडकायचे.
इंदूताई पाटणेकर विचारूनच मोकळ्या,
"काय लावूलालीस गे तोंडाला? चुना?"
मी टेप दातांत धरला.
तोंडात टेप असला की उत्तर द्यावं लागत नाही,
या धंद्यातली ही एक सोय.

मग टिळकवाडी. दुसरं गेट पडलेलं.
मालगाडीचे डबे मोजले, बावन्न,
तरी डॉक्टरांना काय सांगायचं ते जुळेना.
सुंदर दिसायचंय म्हणून आले, हे म्हणवत नव्हतं.
आग होते, एवढंच म्हणाले.

डॉक्टर अन्नपूर्णा हंजींनी भिंग लावलं,
ट्यूब उलटी करून ट्रेटिनॉइनचे टक्के वाचले
आणि ती माझ्याच हातात परत दिली.
"औषध वाईट नाही. तुम्हाला लई झालं."
कागदावर लिहिलं, अ‍ॅडापॅलीन.
"एक रात्र सोडून एक. वाटाण्याएवढं.
आधी साधं क्रीम, त्यावर हे.
सकाळी सनस्क्रीन, ढग असले तरी."
आणि पेनचं टोपण लावता लावता, "निधान."

मी ऐकलं, निदान.
आता रोगाचं नाव सांगतील,
म्हणून पदर सावरून बसले.
त्या हसल्या. "निधान, निधान.
आमच्यात निधान म्हणजे हळू."

घरी रेणुका म्हणाली,
"आई, मराठीत निधान म्हणजे ठेवा गं, पुरलेला."
सोळा वर्षांची, कपाळभर पुटकुळ्या,
तोंड माझ्या आरशात घालून वर,
"मलापण दे की थोडं."
तुला दाखवून आणल्यावर, म्हटलं.
रुसली. माझ्याच वळणाची, घाई तीच.

इतकी वर्षं इरकलीच्या काठावर
सुती कापड पसरून मगच इस्त्री ठेवते मी,
आधी कोपऱ्यावर हात लावून पाहते.
गिऱ्हाइकाचं रेशीम कधी चटकलं नाही.
स्वतःच्या तोंडावर मात्र
सरळ तापलेला तवा.

तिसऱ्या आठवड्यात मुरुम वाढलेच.
जुनी ट्यूब बॉबिनच्या डब्यात होती,
रात्री साडेअकराला डबा उघडला,
बंद केला, पुन्हा उघडला.
शेवटी एक पिवळी बॉबिन काढली
आणि कुणी बघत नसताना उगाच दोरा भरत बसले.

बारा आठवडे, म्हणाल्या होत्या डॉक्टर.
म्हणजे गणपती जाणार, घट बसणार, उठणार,
माझं आपलं वाटाण्याएवढंच चाललेलं.

काल इंदूताई दिवाळीचे ब्लाउज टाकायला आल्या.
बाहीवरून भांडल्या, पन्नास रुपये कमी केले,
जाताना कुंद्याचा पुडा ठेवून गेल्या.
तोंडाबद्दल एक अक्षर नाही.
पुडा बांधून ठेवला, रेणुका आल्यावर फोडू.

हनुवटी आता नितळ आहे.
खालची घडी आहे तिथंच आहे,
उजेडात थोडी पुसट वाटते, किंवा मला तसं वाटतं.
तिच्यावर इस्त्री फिरवायची नाही,
निदान या वर्षी तरी.