टंच

लक्ष्मीपुरीत, रविवारी,
चार्जरांच्या गुंत्याखाली पालथं पडलं होतं ते.
जांभळं, डब्यासारखं मिटणारं, दोन पडद्यांचं.
बिजागरीला चीर,
एका बटणावरचं अक्षर
कुणाच्या तरी अंगठ्यानं झिजवून नेलेलं.

"चालू हाय का, मामा?"
"चालू हाय म्हणूनच हितं हाय."
सतराशे म्हणाले. मी नाक मुरडलं,
बॅटरी फुगलीय म्हटलं. फुगलीच होती,
पाठीवरचं झाकण उचलून धरलं होतं तिनं.
मग हळूच सेटिंगात शिरून आवृत्तीचा आकडा पाहिला.
जुना.
सात वर्षं कुणी अपडेटला बोट लावलं नव्हतं.
तोंड मी तेराव्याला आल्यासारखं ठेवलं.

"अपडेट मारून देऊ का? फुकट."
मी इतक्या जोरात नको म्हटलं
की शेजारचा रिमोटवाला वळून बघायला लागला.
नऊशे पन्नास. वर एक तुटकी पेन्सिल, पडद्याची.

नवं केलं की ह्याचं दार बंद होतं,
जुन्यालाच फट असते.
मुद्दाम बिघडवलेलं एक चित्र असतं,
ते उघडताना यंत्राला ठेच लागते
आणि तेवढ्यात आपण आत.
चुकलं तर वीट होते. वीटच म्हणतात सगळे,
न पेटणाऱ्या, न विझणाऱ्या त्या वस्तूला.

हुपरीत सोमवारी लाइट जाते.
हे मला ठाऊक आहे, मी इथलीच आहे,
तरी बसले सोमवारीच.
नव्या बॅटरीच्या दोन तारा,
केसाएवढे ठिपके, माझी सोल्डरिंग गन म्हणजे
मुंगीला नांगर. ती तापली, थंड झाली,
पंखा गरगरत थांबला.

पलीकडे अण्णा पैंजणाच्या कड्या जोडत होते.
त्यांना लाइट लागत नाही. फुंकणी लागते.
"आण हिकडं."
भिंग डोळ्याला लावून बघत राहिले बराच वेळ
त्या हिरव्या पाटीकडे, तिच्या बारीक वाटांकडे.
मला वाटलं, आता म्हणतील, खेळण्यात घातलेस पैसे.
म्हणाले, "डाख कुणी दिलाय ह्यो?
हात बरा हाय."

ज्योतीवर सळई तापवली, टोक सुईसारखं घासलं,
आणि दोन टिपके
ठेवले. ठेवलेच, दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी लाइट आली.
चित्र उघडलं, यंत्र अडखळलं, पडदा काळा झाला,
मी पाणी प्यायला उठले आणि न पिताच परत आले.
पांढरी अक्षरं ओळीनं उतरत होती.

पहिल्या आठवड्यात मी साप नाचवला.
दुसऱ्यात आमच्या गल्लीचा नकाशा, कुत्र्यांसकट.
मग अण्णांनी विचारलं, आपला हिशेब बसेल का ह्यात?
वरचा बाण ग्रॅम वाढवतो, खालचा कमी करतो,
डावा-उजवा टंच. झिजलेलं बटण दाबलं
की शुद्ध चांदी किती ते येतं.
आठशे चाळीस, टंच बासष्ट:
पाचशे वीस पॉइंट आठ.
अण्णांनी कागदावर ताडून पाहिलं.
तीनदा.

आता बटणांच्या फटीत चांदीचा कीस बसलाय.
परवा आदगोंडा शेट मोड घेऊन आले,
दारातच थबकले.
"काय अण्णा, ह्या वयात गेम?"
"बसा. तुमचा गेम बघतोय."
वजन घातलं, बाण दाबले, पडदा त्यांच्याकडं फिरवला.
शेटनी टोपी सारखी केली आणि भाव बदलला.

एक चूक राहिलीय.
यंत्राला मराठी येत नव्हती,
अक्षरं मी ठिपक्याठिपक्यानं बसवली,
पण 'टंच'मधला अनुस्वार
अजून सरकून च वर पडतो: टचं.
आज रात्री काढते म्हटलं.
"ऱ्हाऊ दे," अण्णा भिंग पुसत म्हणाले,
"माझं मला कळतंय."