शीड

पुण्यात शीड शिवणारं कोणी नाही
म्हणून बाई माझ्याकडे आल्या,
भवानी पेठेत, लाकूडबाजाराच्या मागे,
हातात पेपरचा कापलेला त्रिकोण.
म्हणाल्या, तांबोळी, अस्संच. पण अठरा फूट.

मी मांडव शिवतो. चाळीस वर्षं झाली.
लग्नाचे, उद्घाटनाचे, एकदा सर्कशीचा.
मांडवाला वारा नको असतो,
म्हणून दर चार हातांवर एक चीर ठेवायची.
वारा आला की त्याचं ऐकून घ्यायचं
आणि जाऊ द्यायचं,
कचेरीत तक्रार घेऊन आलेल्या माणसाला देतात तसं.

दाबकेबाई भूगोल शिकवायच्या.
निवृत्तीनंतर धायरीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये
चार वर्षं त्यांनी होडी बांधली.
सेक्रेटरीची नोटीस आली: होडी वाहनात मोडत नाही.
बाईंनी खाली लिहून पाठवलं:
मग पार्किंगचे पैसे परत करा.

माघातल्या एका रविवारी, पानशेतच्या पाण्यावर
त्या, त्यांचा भाचा निनाद आणि मी.
मला पोहता येत नाही हे मी
होडी सुटल्यावर सांगितलं.

काठाकाठानं जायचं ठरलं होतं.
पहिला थांबा जांभळीच्या वठलेल्या खोडाशी,
तिथे दोर अडकवून पोहे खाल्ले.
निनाद म्हणाला, लिंबू राहिलं.
बाई म्हणाल्या, कोलंबसाचंही काहीतरी राहिलंच असेल.

मग वारा. मी आयुष्यात पहिल्यांदा
माझं कापड पोट भरताना पाहिलं.
टिपेवर टीप ताणत होती, दोर करकरत होता,
आणि कुठेही बांबू नव्हता, खड्डा नव्हता,
मुकादम खालून ओरडत नव्हता.
तरी होडी रेंगाळत होती.
बाई सुकाणूवर, कपाळाला आठ्या:
वारा आहे, मग चाल का नाही?

दुसरा थांबा धनगरांच्या घराखाली.
एक बाई कळशी घेऊन उतरली,
आधी शिडाकडे बघितलं, मग आमच्याकडे,
म्हणाली, कुणाचं लगीन हाय?
दूध दिलं. पैसे घेतले नाहीत,
तिच्या पोरानं मात्र होडीत बसून घेतलं
आणि उतरायला तयार होईना.

तिथेच, उताणा पडलो असताना, मला दिसली.
वरच्या कोपऱ्यात, परबानाजवळ,
चार बोटांची चीर. नीट दुमडलेली,
कडेला दुहेरी टीप, माझीच.
कुणी सांगितली नव्हती.
हातानं आपली आपण ठेवून दिली होती,
चाळीस वर्षांच्या सवयीनं,
वाऱ्याला जायला वाट.

बोललो नाही. काय बोलणार?

तिसऱ्या थांब्याला ते दोघं कोरा चहा करत होते,
तीन दगड, ओली काटकं, नुसता धूर.
शीड उतरवलेलं होतं. टोपीच्या काठात माझी सुई असते.
गुडघ्यावर कापड घेऊन मी चीर बंद केली,
बारा टाके, मेण लावलेला दोरा,
शेवटची गाठ दातानं.
चहा घेऊन वळल्या तेव्हा बाईंनी पाहिलं असावं.
एवढंच म्हणाल्या, तुमच्यात साखर किती?

परतीला होडी कलली.
एका अंगावर, मुलानं सायकल वळवावी तशी.
पाणी कडेला येऊन पुन्हा खाली गेलं,
मी दोन्ही हातांनी फळी धरली
आणि मोठ्यानं हसलो, का ते माहीत नाही.
मतलई सुटली! बाई ओरडल्या.
निनाद म्हणाला, मावशी, मतलई समुद्रावर असते.
त्या म्हणाल्या, गप्प बस, नापास करीन.

अंधार पडता पडता लागलो.
नांदेड फाट्याला पाऊण तास अडकलो,
टेम्पोत मागे, मांडीवर ओलं शीड,
दोन्ही बाजूंना हॉर्न.
त्याला पाण्याचा, धुराचा वास येत होता.

आता रात्रीचे अकरा. मशीनवर नव्वद बाय चाळीस,
गुलटेकडीच्या लग्नाचा मांडव, सकाळी सहाला हवा.
कात्री हातात आहे.
पहिल्या चिरेची खूण खडूनं करून ठेवलीय.
जरा पाणी पिऊन येतो.