ज्याच्या हाती जबडा

सोहारमध्ये सकाळी आठलाच काचेला बाहेरून घाम फुटतो.
आत आम्ही सहाजण, ऑटोक्लेव्हच्या शेजारी, उभे.
खुर्च्या मुद्दाम नाहीत.
खुर्ची दिली की माणूस बसतो, बसला की भाषण ठोकतो,
हे मला पहिल्याच वर्षी उमगलं,
जेव्हा मी रोज अर्धा तास बोलायचे
आणि गस्सान डॉक्टर मान हलवत हलवत
टेबलाखाली मोबाइलवर फुटबॉल बघायचे.

आता दहा मिनिटं. आठ वीस ते साडेआठ.
आणि एक प्लॅस्टरचा जबडा,
कुणाचा कोण जाणे, माप देऊन गेला
तो कवळी न्यायला फिरकलाच नाही.
जबडा ज्याच्या हाती त्यानं बोलायचं,
बाकीच्यांनी ओठ मिटायचे. माझ्यासकट.

मारिविक म्हणते, ए-टू शेडच्या दोनच सिरिंज उरल्यात,
आज सगळ्यांचे दात त्याच रंगाचे निघू नयेत म्हणजे झालं.
सुजिता म्हणते, दहाचा पोरगा चावतो,
आधी त्याच्या हातात आरसा द्या, मग माझं बोट.
शमसा आवाज उतरवते:
चौथ्या बाई घरी न सांगता येतात,
त्यांना फोन नको, मेसेजही नको.
गस्सान म्हणतात, मस्कतहून क्राउन येतोय, इन्शाल्ला.
शमसा म्हणते, इन्शाल्ला किती वाजता?

मोफिझुल दोन वर्षं
चटका बसल्यासारखा जबडा पुढे सारायचा.
दिवसभर 'इफ्तह, इफ्तह' म्हणत
परक्यांची तोंडं उघडणारे आम्ही,
याचं तोंड कधी उघडलंच नव्हतं.
मग एका सकाळी त्यानं तो धरून ठेवला.
दोन्ही हातांनी, पोटाशी.
"मॅडम, पट्टी काला नहीं हुआ."
कालच्या रात्रीचा अख्खा ट्रे. चिमटे, आरसे, सगळं.
वाफ पोचलीच नव्हती.
'बघू नंतर' माझ्या जिभेवर आलं होतं,
पण जबडा त्याच्याकडे होता.
सगळं पुन्हा लावलं. पहिल्या पेशंटनं चाळीस मिनिटं
आमचा अरबीत उद्धार केला, तो आम्ही उभ्यानं ऐकला.
तेव्हापासून सुरुवात मोफिझुलपासून.

गेल्या मंगळवारी जबडा फिरत फिरत माझ्याकडे आला.

रात्री तीनला मिरजेहून फोन होता.
आप्पांना आत घेतलंय.
नळी घालायच्या आधी नर्सनं त्यांची कवळी
स्टीलच्या वाटीत काढून भावाच्या हातात दिली.
त्यानं विचारलं, हिचं काय करू?
पाण्यात ठेव, म्हटलं मी. गरम नको, साधं पाणी.
मीच केली होती ती,
वरच्या डाव्या सुळ्याला मुद्दाम किंचित वाकडं ठेवून,
त्यांचा मूळचा होता तसा.
विमान रात्री अकराचं.

यातलं मी काहीच सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं:
"सव्वाअकराची अक्कलदाढ मी काढणार नाही.
आज माझा हात बरोबर नाही."

फ्रीजचा आवाज ऐकू आला.
गस्सान म्हणाले, मी घेतो.
शमसानं एक नाव खोडून वर लिहिलं.
मारिविकनं विचारलं, बाकीच्या फक्त तपासण्या ठेवू?
मी मान हलवली.
का, असं कुणी म्हणालं नाही.

जबडा माझ्याकडून मोफिझुलनं घेतला,
बोटांचा घाम लागलेला,
फडक्यानं पुसला, फळीवर ठेवला.

आठ सत्तावीस झाले होते.
तीन मिनिटं उरली होती.
कुणी वापरली नाहीत.

मग शमसानं शटर वर केलं.
बाहेर एक माणूस गाल धरून
केव्हाचा उभा होता.