तात्पुरती पात्र

जतहून पहाटेची एस.टी. धरली.
मांडीवर फाइल, फाइलीत मी,
मूळ एक, साक्षांकित तीन प्रती.
सगळ्यात खाली जन्माचा दाखला, कानडीत,
गोलगोल अक्षरांचा,
कुणी ज्वारी सांडून ठेवल्यासारखा.

सांगली. जिल्हा परिषद. टेबल क्रमांक सात.
पद आरोग्यसेविकेचं.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘जन्म अथणीचा?’
हो.
‘अथणी कर्नाटकात.’
हो.
‘मग तुम्ही?’

मग मी काय.
आमच्या वस्तीवरून जत लांब, अथणी जवळ.
त्या रात्री बिराप्पाच्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू होता
आणि अव्वा ट्रॉलीत कडब्यावर पडून
दात खाऊन गप्प.
कळांना हद्द कळत नाही.
खड्डे संपून चाक गुळगुळीत चालायला लागलं
तेव्हा बिराप्पा म्हणाला, आलं कर्नाटक.
एवढाच आमचा नकाशा.
मी रडले ते कुठल्या भाषेत
याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

दाखल्याचं मराठी भाषांतर लागतं म्हणाले.
घरात आम्ही दिवसभर फुकट करतो ते:
बाजाराचं, औषधाच्या बाटलीचं, भांडणाचंही.
पण ते अधिकृत नाही.
मिरजेच्या भाषांतरकारानं पानाला दोनशे घेतले
आणि माझी कस्तुरी दीर्घ केली.
शाळेत ऱ्हस्व, आधारवर ऱ्हस्व, भाषांतरात दीर्घ.
वडील कुठं चनबसू, कुठं चन्नबसाप्पा,
रेशनकार्डावर नुसतेच बसू.
मग स्टँपपेपर. मग नोटरी.
‘वरील तिन्ही इसम एकच आहेत’ असं लिहून
त्यांनी अंगठा दिला,
आणि बाहेर येऊन विचारलं,
तिघांचा मिळून चहा एकच का घ्यायचा?

वय, अधिवास, राष्ट्रीयत्व.
एकाच कागदावर तीन.
त्यासाठी तलाठी, त्यासाठी पोलीसपाटील,
पंधरा वर्षं इथंच राहिले याचा पुरावा.
राहण्याचा पुरावा काय असतो?
लाईट बिल काकाच्या नावावर.
घरपट्टी भरली, पावती उंदरांनी खाल्ली.
तिसरीत विंचू चावला ती जागा पायावर आहे, दाखवू?
सेतूतला पोरगा म्हणाला,
ताई, शाळेचा बोनाफाईड आणा.
रोज सकाळी ऊन तोंडावर घेऊन
हात पुढं करून म्हटलेली प्रतिज्ञा
आठ वर्षांची, न चुकता,
ती कुठं अपलोड करायची
असा पर्याय नव्हता.

बाईंनी पान उलटलं. पान सुलटलं.
कानडी दाखला उलटा धरून बराच वेळ वाचला.
मी काही बोलले नाही.
मागे रांगेत शिराळ्याची एक मुलगी होती,
लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव
दोन मुठीत घट्ट धरून.
ती मला हळूच म्हणाली,
‘तुमचं निदान गाव तरी बदललंय. मी सगळीच बदलले.’

‘पेन आहे का?’ बाई म्हणाल्या.
मी दिला.
नावासमोर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं:
तात्पुरती पात्र.
पडताळणीच्या अधीन राहून.

परतीची गाडी कवठेमहांकाळला थांबली.
तात्पुरती. शब्द तोंडात घोळवत बसले,
चिंचोक्यासारखा, चघळून संपत नाही.
नोकरी लागली तर उपकेंद्र बहुतेक आमच्याच बाजूचं मिळेल.
रात्री कुणी ट्रॉलीतून येईल.
बाळ पुसून, वजन करून, नोंदवहीत
मीच लिहायचं: जन्मस्थळ.
अक्षर नीट काढीन.
ऱ्हस्व-दीर्घ दोनदा बघीन.

अव्वाचा फोन आला.
‘आतेन?’
झालं का.
‘आतु,’ म्हटलं.
तात्पुरतं याला आमच्या कानडीत काय म्हणतात
मला आठवेना.

आणि पेन तिथंच राहिला.