आउट काढताना

द्रेन्तच्या माळावर चौदा तबकड्या ओळीनं,
सगळ्यांची तोंडं एकीकडे,
वाढप्याची वाट बघणाऱ्या पंगतीसारखी.
खाली मेंढ्या. त्यांना कशाचंच काही नाही.

रूल्फीन आइसिंग रात्रभर ऐकते
एका दीर्घिकेच्या कडेचा हायड्रोजन.
मधल्या उजेडापासून जितकं लांब जावं
तितका वेग उतरायला हवा होता.
उतरत नाही.
आलेखाची रेघ शेवटपर्यंत सपाट,
स्मिल्डेच्या कालव्यासारखी.

मग एवढ्या वेगात ती कड सुटून कशी जात नाही,
असं वडलांनी विचारलं नाही.
लामर्ट आइसिंग, सायकल-दुरुस्ती,
वय एक्काहत्तर, मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलेला,
नकाशा दिव्याशी धरून म्हणाले,
"चाक आउट आहे."

होतंच.
एकीकडे कड वर उचललेली,
दुसरीकडे खाली झुकलेली.
"कुणीतरी धडकलं असणार," ती म्हणाली,
"पण आसपास कुणीच नाही.
तीन वर्षं शोधतेय."

म्हातारा स्पोक आवळत होता,
अंगठ्याचं नख रिमला टेकवून
कुठं घासतं ते ऐकत.
"रिमकडेच काय बघत बसलीस?
आउट काढतात तो चिमट्याच्या मानानं.
चिमटाच तिरका असला
तर सरळ चाकही आउट दिसतं."

चिमटा.
जो उजेड देत नाही, अडवतही नाही,
चाकाच्या दहापट पसरलेला,
अंड्यासारखा लांबट, काळासुद्धा न म्हणता येणारा.
त्याच्याच उतारावरून वायू घरंगळत आला आत,
त्याच्याच भोवंडीनं ठरवलं
तबकडी केवढी व्हायची,
त्याच्याच वजनाच्या धाकानं
मधला ताऱ्यांचा पट्टा माजला नाही फार.
आणि हे सगळं, समजा, जरासं कलतं.

हिवाळाभर गणितं.
मोबाइल बंद ठेवायची खोली, गार कॉफी, मिटेना अशी खिडकी.
अकरा अंश कलवलं तेव्हा
जिथून उचलायला हवी
तिथूनच कड उचलली गेली.

सिद्ध झालं असं नाही.
चिमटा पाहिलाय कुणी?

शोधनिबंधाच्या शेवटी तिनं आभार मानले:
ल. आइसिंग, चिमट्याबद्दल.
परीक्षकानं समासात विचारलं,
ह्यांची संस्था कोणती?

तिनं लिहिलं,
बायलेन, मागचं दार.