वाया: चार

नकाराचं कारण लिहायला फॉर्मवर चार चौकोन:
घरी नाही, आजारी, भीती, इतर.
भागी वरकच्या नावापुढे मी दर वेळी
'इतर'वर खूण करत आले.

वाळपईहून वर, जिथे कदंबचा ड्रायव्हर
बस वळवून इंजिन बंद करतो,
तिथून पुढे चालत.
खांद्याला निळी पेटी, पेटीत बर्फ,
आणि वाटभर कुजत्या बोंडूंचा आंबूस वास.
धनगरवाड्यावर आधी कुत्री ओळखतात मला,
मग माणसं आत जातात.

तिचा पहिला, बाबलो,
टोचल्यावर तिसऱ्या रात्री गेला.
पणजीहून समिती आली. तीन माणसं, एक गाडी.
मेंदूचा ताप, म्हणाले, लशीशी संबंध नाही.
कागद खरा होता. पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट
डॉक्टरांनी मला दाखवला.
तिला कुणी दाखवला नाही.
मीही अंगणात उभ्या उभ्याच सांगितलं: योगायोग.

योगायोग आपण म्हणतो सोयरीक जुळते तेव्हा,
शाळेतली मैत्रीण म्हापशाच्या बाजारात
अचानक भेटते तेव्हा.
तिने तो शब्द भातातल्या खड्यासारखा
बोटाने ताटाच्या कडेला सारला.

एकदा मी चिडले.
"म्हशींना बरी टोचून घेतेस, वर्षातून दोनदा!"
"म्हशीचा विमा असतो गो बाय."

तालुका अठ्ठ्याण्णव टक्के.
मीटिंगला गुलाबाचं फूल मिळालं आम्हा सगळ्यांना,
वर बटाटवडा.
उरलेल्या दोन टक्क्यांकडे बस जात नाही.

एप्रिलात एका रविवारी गेले, हात हलवत.
"आज पेटी खंय?"
"आज सुटी."
ती बोंडू पिळून बिया सोडवत होती. मीही बसले.
साऊ, सव्वा वर्षाची, टोपलीला धरून उभी.
रसाने माझी बोटं चिकट झाली, मग काळी.
खूप वेळाने तिने विचारलं,
"करोनाच्या वेळी तू पयली घेतलीस म्हणालीस.
भिलीस नाय?"

अंगणवाडीच्या आवारात मी म्हणाले होते,
मी घेतली, बघा, उभी आहे ना!
यादीत माझं नाव पहिलंच होतं.
मी ताप आल्याचं कळवलं होतं.
घेतली नऊ दिवसांनी, दुसऱ्या केंद्रावर,
जिथे मला कुणी ओळखत नव्हतं.
नवऱ्यालाही ठाऊक नाही हे.
तिला सांगितलं.
ती काहीच बोलली नाही. उठून म्हैस बांधायला गेली.

तिसऱ्या बुधवारी मी आवरत होते,
पेटीचं झाकण लावलेलं,
आणि ती उतारावरून आली, साऊला कडेवर घेऊन.
टोपडं, काजळ, पायात नवे वाळे.

गोवराची कुपी पाच जणांची.
एकदा पाणी घातलं की चार तास, मग फेकायची.
नियम म्हणतो, एका मुलासाठीही फोडा.
तोच नियम महिन्याअखेरीस फोन करतो,
सिस्टर, तुमच्याच केंद्रावर इतकी वाया का जाते?

फोडली.
साऊ रडली, भागीने डोळे मिटले नाहीत,
सुई जाताना बघत राहिली.
अर्धा तास थांब म्हटलं, ती दोन तास थांबली.
रजिस्टरात लिहिलं: दिले एक. वाया चार.
अक्षर जरा मोठंच आलं.

तिसऱ्या रात्री बॅटरी घेऊन मी वर गेले.
कुत्री भुंकली नाहीत.
भागी जागीच होती, दिवा मोठा केलेला.
कुणी काही बोललं नाही.
एकदा तिने साऊच्या कपाळावर हात ठेवला,
मग माझा हात ओढून तिथे ठेवला.
थंड होतं. घामाने थोडं ओलं.

पहाटे म्हशी रेकल्या.
ती धार काढायला उठली,
चरवी शोधली,
आणि जाता जाता साऊला
माझ्या मांडीवर ठेवून गेली.