घेर

सोमवारी, ताळगावच्या पठारावर, काचेच्या थाळ्या उघडते.
बाराव्या थाळीत पिवळट दाटी, आटवलसारखी,
मधोमध चिमूटभर पांढरे
आणि त्याच्या भोवती काही नाही.
पट्टीने मोजते: एकवीस मिलिमीटर काही नाही.
वहीत लिहिते. तारीख, वजन, घेर.

हे पांढरे दुकानातले नव्हे.
रायबंदरला फेरीच्या तोंडाशी मार्सेलीन तिसऱ्या विकते,
वाटा लावून झाला की वर दोन टाकते.
मी नुसती टरफले मागितली तेव्हा म्हणाली,
"बाय, मांस सोडून हाडां कित्याक?"
तरी पिशवीभर दिली.
धुतली, वाळवली, कुटली,
नऊशे अंशांवर चार तास ठेवली.
यंत्राला जाड दार, दारावर सूचना: शांतता राखा.

बापाच्या भट्टीला दारच नव्हते.
दिवाडीला, खाजनाच्या बांधावर,
एक थर टरफलांचा, एक थर भाताच्या कोंड्याचा,
पुन्हा टरफलांचा. अंश कुणाला ठाऊक?
तो थुंकायचा. थुंकी कशी वाजते ते ऐकून म्हणायचा, "जालें."
मग पाणी मारले की ढीग आपणहून उकळायचा,
सुस्कारे टाकत फुलायचा,
आणि माणसे घमेली घेऊन यायची,
विहिरीला, गोठ्याला,
फेस्ताआधी इगर्जीला, चवथीआधी घराला,
मेलेल्या म्हशीच्या खड्ड्याला.
का, ते विचारायची कुणाला गरज पडली नाही.

मला विचारावे लागते.
सुटा जिवाणू मरतो, त्याचे काय नवल.
अडते ती वस्ती.
एक येऊन चिकटतो, दुसरा त्याच्या आडोशाला,
मग आपल्याच अंगच्या चिकाने छप्पर शाकारतात,
पाण्यापुरत्या गल्ल्या ठेवतात.
तळचे उपाशी निजून असतात, वर्षभरसुद्धा,
आणि औषध वरच्यावर निथळून जाते.
तुम्हीही हात लावला आहे त्याला:
धक्क्याची शेवटची पायरी, जिथे पाय सटकतो.
कळशीच्या आतला बुळा.
पहाटेची जीभ.

आणि बांबोळीला, खाटेवरची पाटी: सगुण वळवईकर, ७१.
तीन आठवडे लघवीची नळी.
ताप येई, औषध बदले, ताप जाई, ताप येई.
नळीत थर धरलाय, म्हणाले डॉक्टर.
नळी बदलली.
थर नव्या नळीत राहायला आला, बिऱ्हाड हलवावे तसा.

त्याच आठवड्यात माझ्या बाटलीत
तशाच नळीचा तीन सेंटिमीटरचा तुकडा होता,
चुन्याच्या निवळीत बुडवलेला,
आणि थर सुटून तरंगत होता
फाटक्या मच्छरदाणीसारखा.
मी कुणाला बोलावले नाही. काय दाखवायचे?
माणसाच्या आत हे घालत नाहीत. चुना भाजतो,
जे सापडेल ते भाजतो.
बापाच्या तळहातावर रेघाच उरल्या नव्हत्या.
म्हापशाच्या जत्रेत एका ज्योतिषाने
तो हात बघितला आणि पैसे परत केले होते.

एका संध्याकाळी त्याला फोनवर थाळीचा फोटो दाखवला.
त्याने तो लांब धरला.
"हें कितें?"
चुना. आपला.
"आनी हें सगळें?"
जंतू.
"आनी मदलें?"
मी गप्प राहिले.
तो बराच वेळ त्या मधल्याकडे बघत बसला. मग म्हणाला,
"चाळूंक ना तुवें सारकें. कडेक खडो आसा."

होता. घेर तिथेच वाकडा गेला होता.
तेव्हा सतरा भरायचा.

आता दोनदा चाळते, दुसऱ्यांदा धोतराच्या जुन्या तुकड्यातून.
वहीत चाळणीचा वेगळा रकाना आखला आहे,
साहेब विचारतात ही कुठली पद्धत,
मी म्हणते, स्थानिक.
बांबोळीच्या त्या खाटेवर पेडण्याचा कुणी माणूस आहे.

शनिवारी मार्सेलीन पिशवी पुढे करते.
"हाडांचें कितें जालें गो?"
अजून भाजतेय, म्हणते मी.
ती वर दोन टाकते.